नवस तिचा, पाय माझे

...आणि वर मलाच म्हणते कशी, "अहो, नुसतं चालायचंच तर आहे, त्यात काय एवढं." चालायचंच तर आहे! तुम्हाला सांगतो, मी एस.टी.त कंट्रोलर. नगरच्या स्टँडवर खिडकीत बसून गाड्या सोडणारा माणूस. आमच्याकडे चालणं म्हणजे गाडी बंद पडल्यावर उतारूंनी करायची गोष्ट. मी स्वतः ड्यूटीवर जाताना सुद्धा जामखेडची गाडी आमच्या कोपऱ्यावर वळते, ड्रायव्हर ओळखीचा, तो जरा हळू करतो आणि मी चढतो, असा माझा सगळा हिशेब. अशा माणसाला ह्या बाईनं चालायला लावलं, बरं चालायला तर चालायला, अनवाणी, आणि अनवाणी ते अनवाणी, वर डोंगर. का? तर पुष्पावतीबाई, म्हणजे आमचं कुटुंब, केडगावच्या देवीला गेल्या आणि नवस बोलून आल्या. काय नवस? "आई, आमच्या राहीचं लग्न जमू दे, नवरात्रभर हे पायांत काही घालणार नाहीत."

हे म्हणजे कोण? हे म्हणजे मी. देवीपुढे उभी ती, ओटी भरली तिनं, तोंड तिचं, आणि चालणार कोण, तर हे. मी म्हटलं, अगं, तुझ्या पायांनी बोलायचा ना नवस, तुला काय पाय नाहीत? तर मला समजावून सांगते, "मी दिवसभर घरात. घरात मी कुठं चपला घालते? मग ते देवीला फसवल्यासारखं नाही का होणार?" आता ह्याच्यावर तुम्ही काय बोलाल? मी काय केलं सांगतो. घटस्थापनेच्या सकाळी उंबऱ्यात चपला काढून ठेवल्या आणि बाहेर पडलो. नवस तिचा, पाय माझे.

बरं, नगरमध्ये नवरात्रात माणूस अनवाणी दिसला की कुणाला काही सांगावं लागत नाही. पहाटेपासून सगळा गाव केडगावच्या वाटेला लागलेला असतो, निम्मे अनवाणी. पण अंगावर खाकी युनिफॉर्म, डोक्यावर टोपी, खिशाला शिट्टी आणि खाली उघडे पाय, असा कंट्रोलर लोकांनी आधी बघितला नव्हता. एक म्हातारी पाथर्डीची गाडी कधी आहे विचारायला आली, माझे पाय बघितले, आणि वाकून नमस्कारच केला. मी म्हणतोय, आजी, गाडी सुटते, अहो गाडी... तर ती म्हणते, "जाऊ दे गाडी, देवीचा मानूस भेटला." तिची गाडी खरंच गेली. मग तासभर माझ्याच बाकावर बसून होती, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला माझे पाय दाखवत होती.

पण हे काहीच नाही. खरं रामायण पुढंच आहे, कारण राहीला जे स्थळ आलं होतं ना, ते आप्पासाहेबांकडचं.

आप्पासाहेब तुम्हाला माहीत नसतील तर सांगतो. रिटायर्ड हेडमास्तर. खाकी हाफपँट, कॅनव्हासचे बूट, हातात काठी, आणि विचार पुढारलेले. इतके पुढारलेले की आपण त्यांच्या मागं धावून धावून दमतो. घरात देव्हारा नाही, उपास नाही, मांजर आडवं गेलं तर हा माणूस मुद्दाम मांजराच्या मागं चालत जातो. आणि नवस हा शब्द काढला की तोंड असं होतं... असं, बघा. मुलगा त्यांचा गोरक्ष, शेतकी खात्यात, शेतातली माती तपासतो. पोरगा माती तपासतो आणि बाप माणसं तपासतो. ह्या गोरक्षचं एक स्थळ आधी ठरत आलं होतं, पानसुपारीपर्यंत गेलं होतं, आणि मुलीच्या वडिलांनी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, तर रुमालाबरोबर अंगाऱ्याची पुडी पडली. झालं. आप्पासाहेब उठले, म्हणाले, "ज्या घरात राखेवर विश्वास, त्या घराशी आमचं जमायचं नाही." उठले ते गेले. सुपारी तशीच राहिली ताटात.

आणि अशा माणसाच्या घरी मुलगी द्यावी म्हणून माझ्या बायकोनं काय केलं? नवस केला. म्हणजे जमावं म्हणून जो नवस, तो कळला की मोडणार. मी तिला म्हटलं, तुला दुसरा काही उपाय सुचला नाही का गं? तर म्हणते, "नवस बोलले तेव्हा हे स्थळ कुठं आलं होतं? नवस बोलले म्हणूनच तर आलं." हे सुद्धा खरंच. मोडायचा तर देवी कोपणार, पाळायचा तर आप्पासाहेब.

आता तुम्ही म्हणाल, सोडून द्यायचं हे स्थळ, दुसरी काय कमी आहेत? अहो, आमची राही चोवीस वर्षांची. शाळेत मास्तरीण आहे, हुशार आहे, पण रंगानं सावळी आणि डोळ्यांना चष्मा. पोहे करून करून दमली पोरगी. येतात, खातात, चष्मा कितीचा आहे विचारतात, आणि जातात. एकदाही तिनं तोंडातून शब्द काढला नाही, ना बरं ना वाईट. बश्या उचलायच्या आणि घासायला घ्यायच्या. पण गोरक्ष बघून गेला त्या संध्याकाळी साडीच्या घड्या घालताना खाली बघूनच म्हणाली, "आण्णा, ही माणसं मला बरी वाटतात." एवढंच. तुम्हाला सांगतो, आनंद व्हायच्या ऐवजी मला भीतीच वाटली. इतक्या वर्षांत पोरीनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. हे आपल्या हातून मोडलं तर हिला तोंड कसं दाखवायचं?

आणि आप्पासाहेबांचा निरोप आला. "मला तुमचं घर बघायचं नाही. माणूस डोंगर चढताना कळतो. रविवारी आमच्या मंडळाबरोबर चांदबीबीच्या महालावर या, तिथंच काय ते सांगतो." मंडळ म्हणजे शरद-प्रभात भ्रमण मंडळ. पाऊस संपला की हे चालू होतं, थंडी वाढली की बंद. शरदातली सकाळची हवा औषधी असते म्हणे. दर रविवारी उजाडता उजाडता भिंगारपाशी जमायचं, डोंगर चढायचा, वर दीर्घ श्वसनाचा वर्ग, मोड आलेली कच्ची मटकी खायची, साखर न घातलेलं लिंबाचं पाणी प्यायचं आणि खाली यायचं. ह्यात मजा कुठं आहे हे मी पुष्कळांना विचारलं. कुणाला सांगता आलं नाही.

आणि रविवार कुठला? नवरात्रातला. नवस तिचा, पाय माझे, आणि डोंगर आप्पासाहेबांचा.

बरं, साल कुठलं? मागल्या साली दुष्काळात ह्या डोंगरावर काडी नव्हती. अनवाणी काय, लोळत गेला असता माणूस. यंदा देवानं पाऊस दिला, पाऊस दिला म्हणून मी तक्रार करत नाही, सगळा जिल्हा देवाला हात जोडत होता त्यात मीही होतो. पण त्या पावसानं सगळा डोंगर कमरेइतक्या कुसळी गवतानं भरला. आणि नवरात्रात ते गवत पिकतं. त्याची कुसळं अशी की कापडातून आत, कातड्यातून आत. आणि जिथं गवत नाही तिथं सराटे. बारीक, चारी बाजूंनी काटे. कसाही पडू दे, एक काटा वर आहेच.

पुष्पावतीनं युक्ती काढली. म्हणाली, पायजम्याची नाडी जरा खाली बांधा, म्हणजे पायजमा लोंबेल आणि पाय झाकतील. बांधली. झाकले. तसाच निघालो. राही दारापर्यंत आली, म्हणाली, "आण्णा, खरं सांगून टाका ना त्यांना. काय होईल ते होईल." मी म्हटलं, तू गप्प बस, तुला काय कळतं. पण तिचा आवाज कानात असा बसला होता ना, वाटेत मला दुसरं काही ऐकूच येईना.

भिंगारपाशी मंडळी जमलेली. आप्पासाहेब पुढं काठी टेकून उभे. त्यांच्या मागं त्यांचं कुटुंब, गोजरबाई, हातात मटकीचा डबा. ह्या बाई कधी बोलत नाहीत. आप्पासाहेब बोलतात, त्या मागं असतात. आणि तिसरे रंभाजीशेठ. घोडेगावचे मूळचे, बैलांच्या दलालीतून पुढं आडत दुकान टाकलं, आता नगरला असतात, देह असा भरलेला. डॉक्टरनं चालायला सांगितलं म्हणून मंडळात आले. बाकीची चार मंडळी नमस्कारापुरती. मी सगळ्यांत मागं, गवतात उभा. पाय लपवायचे कुठं हो माणसानं? हात खिशात घालता येतात, तोंड वळवता येतं, पण पाय? ते आपले खाली आहेतच.

"चला," आप्पासाहेब म्हणाले, "रंगनाथराव, तुम्ही माझ्याबरोबर पुढं." मागं राहायचा बेत तिथंच बुडाला.

चढ सुरू झाला. हे बोलतायत, तुमचं मुलींच्या शिक्षणाबद्दल काय मत, हुंड्याबद्दल काय मत, सत्यनारायणाबद्दल काय मत, आणि माझं सगळं लक्ष खाली, पाऊल कुठं टाकतोय त्याच्यावर. आणि शिरला. पहिला सराटा, बरोबर टाचेत. ओरडणार होतो, तोंड उघडलंच होतं, पण ओरडलं की हे खाली बघणार, म्हणून ते ओरडणं मी मधेच असं वळवलं, "आ...हाहा." आणि समोर हात केला. आप्पासाहेब थांबले. समोर बघितलं. सूर्य वर येत होता. "वा," म्हणाले, "तुम्हाला निसर्गाची ओढ दिसते." मी म्हटलं, हो. दहा पावलं गेलो नाही तोवर दुसरा. "आहाहा." हे परत थांबले, "काय बघितलंत?" मी म्हटलं, ते... ते झुडूप. मग कुसळं पायजम्यात शिरली ती वर चढायला लागली, आणि माझं आहाहा थांबेचना. आप्पासाहेब खूष. म्हणतात, "इतकी वर्षं येतोय, इतका रसिक माणूस मंडळात आला नव्हता." माझ्या डोळ्यांत पाणी. त्यांना वाटलं निसर्गामुळं.

मागून रंभाजीशेठ बघत होते. घोडेगावच्या बाजारात लंगडा बैल नुसत्या चालीवरून ओळखणारा माणूस तो. त्यांनी माझी चाल बघितली, आणि बघतच राहिले.

आणि मग जे व्हायचं ते झालं. पायजमा पायात आला, मी अडखळलो, सावरायला म्हणून पायजमा वर उचलला, आणि दोन्ही पाय सगळ्यांसमोर उघडे. टाचेतून रक्त. आप्पासाहेबांनी खाली बघितलं. काठी थांबली. सगळं मंडळ थांबलं.

"रंगनाथराव, पायांत काही नाही?"

तुम्हाला सांगतो, मागं उभ्या असलेल्या एकूण एक माणसाला कळलेलं होतं. नगरचाच माणूस की हो, नवरात्रात अनवाणी म्हणजे काय हे इथं शेंबड्या पोराला कळतं. कळलं नव्हतं फक्त आप्पासाहेबांना, कारण असलं काही चांगला माणूस करेल हे त्यांच्या डोक्यातच बसत नाही. मी म्हटलं, नाही. म्हणाले, "का?" आता काय सांगू? खरं सांगावं तर राहीच्या ताटातली सुपारी तशीच राहणार. आणि मी आपला तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, "बरं वाटतं."

आप्पासाहेब माझ्याकडं बघतायत. मी त्यांच्याकडं. आणि त्यांचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं, संपलं. आणि हा माणूस पुढं आला, माझे दोन्ही खांदे धरले, आणि मंडळाकडं वळून म्हणाला, "बघा. ह्याला म्हणतात विचार. आपण वर्षानुवर्षं बोलतो, निसर्ग, निसर्ग, आणि पायांत रबर घालून येतो. मातीचा आणि तळव्याचा संबंध आपण तोडला. हा माणूस एक शब्द न बोलता, पाय झाकून, गाजावाजा न करता तो जोडतोय." आणि मग तळव्याला कुठल्या शिरा असतात, त्या कुठं जातात, डोळ्याला काय, पचनाला काय, हे सगळं उभ्या उभ्या. माझ्या जिवात जीव येतोय न येतोय तोच हे खाली बसले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले.

"मंडळी, पादत्राणं काढा."

कुणी हलेना. "काढा म्हणतो." हेडमास्तरच ते. सगळ्यांनी काढली. वर बसायला म्हणून आणलेलं एक पोतं होतं, त्यात सगळ्यांचे बूट, चपला, वहाणा, आणि आप्पासाहेब म्हणाले, "रंभाजीशेठ, तुमची तब्येत चांगली आहे, पोतं तुम्ही घ्या." मी तेवढ्यात मागं बघितलं. गोजरबाई. चपला काढून उभ्या होत्या आणि आपल्या नवऱ्याच्या उघड्या पायांकडं टक लावून बघत होत्या. इतकं काय बघण्यासारखं होतं त्यात, मला काही कळलं नाही. पांढरे पाय होते, दुसरं काय.

आता पुढचा डोंगर म्हणजे काय सांगू. सगळं मंडळ उड्या मारत चाललंय, प्रत्येकाच्या तोंडातून आई गं, बाप रे, आणि प्रत्येक वेळी सगळे माझ्याकडं बघतायत. त्यांच्या नजरेनं माझी पाठ भाजत होती. आप्पासाहेब तेवढे ताठ. त्यांना लागत नव्हतं असं नाही, पण तत्त्व होतं ना. आणि रंभाजीशेठ खांद्यावर पोतं, पायात सराटे, माझ्याजवळ आले. घामानं निथळतायत. कानाशी म्हणतात, "रंगनाथराव, खरं सांगा. केडगावच्या आईचा हाय ना?"

मी म्हटलं, शेठ, हळू बोला.

"हळू? माझ्या तळव्यात सराटा शिरलाय, मी लई मोठ्यानं बोलनार हाय. आवो, बैलाला सुदिक आदी नाल मारत्यात आन मंग चालिवत्यात. आमी बैलाच्या बी खाली गेलो का?"

"शेठ, पोरीचा प्रश्न आहे. पाया पडतो."

"माझ्या पाया पडू नगा. माझे पाय सोडवा. वर गेलो की म्या सांगनार. सांगितलं की बूट मिळत्यात, समदे सुटत्यात."

मी विनवलं, तुम्हाला पण मुली आहेत म्हटलं, दिवाळीला रिझर्वेशन करून देतो म्हटलं, पुढच्या सीटा देतो म्हटलं. माणूस ऐकेना. दर सराट्याला त्याचा निश्चय वाढत होता. आणि मी चाललोय आपला, एक पाऊल टाकतोय आणि मनात म्हणतोय, आई, हा माणूस वर पोचू नये. मग म्हणतोय, नको, असं नको, त्यालाही लेकरं बाळं आहेत, पोचू दे पण त्याचा आवाज बसू दे. बघा, एका नवसातून दुसरा कसा निघतो ते. आणि हे सगळं कुणासाठी, कुणामुळं? ती घरी बसून घटाला पाणी घालत होती. नवस तिचा, पाय माझे.

वर पोचलो. महालाच्या सावलीत सगळे बसले. बसले म्हणजे पडले. जो तो आपला तळवा वर करून काटे काढतोय. गोजरबाई जरा बाजूला जाऊन केडगावच्या दिशेनं बघत उभ्या होत्या, पदर डोक्यावर, मला वाटलं दम खातायत. मग मटकी वाटायला लागल्या. आणि आप्पासाहेब उभे राहिले, पाय लाल झालेले, चेहरा प्रसन्न. "आज रंगनाथरावांनी आपल्याला काय दिलं ते प्रत्येकानं सांगायचं." अहो, काय दिलं ते सगळ्यांच्या तळव्यात होतं. एकेक उठला आणि हेडमास्तरांच्या भीतीनं एकेक वाक्य बोलला. ताजंतवानं वाटलं. मोकळं वाटलं. एक जण नुसता रडवेला उभा राहिला आणि बसला.

"रंभाजीशेठ, तुम्ही."

रंभाजीशेठ उठले. पोतं पायाशी. माझ्याकडं बघितलं. मी हात जोडले, गुडघ्याआड, कुणाला दिसू नये असे. "आप्पासाहेब," शेठ म्हणाले, "म्या एक सांगू का? राग येईल तुमाला, पर सांगतो. ह्ये जे रंगनाथराव हायेत ना, ह्येंचं अनवानी चालनं..."

राही दिसली मला समोर. बश्या घासताना.

आणि तेवढ्यात गोजरबाई मटकीचा डबा घेऊन शेठच्या पुढ्यात. वाढता वाढता एकच वाक्य बोलल्या, ते शेठना आणि शेजारी मी होतो म्हणून मला, दोघांनाच ऐकू गेलं. "भाऊजी, दर रविवारी डोंगर उतरल्यावर तुम्ही भज्यांच्या गाडीवर थांबता ते तुमच्या घरच्या मंडळींना अजून माहीत नाही ना?"

शेठचं तोंड उघडं ते उघडंच. मटकी हातात. सगळे वाट बघतायत. "ह्येंचं अनवानी चालनं..." शेठ म्हणाले, गोजरबाईंकडं बघितलं, "...लई भारी हाय. माझे पाय हलके झाले." आणि खाली बसले, आणि इतक्या रागानं मटकी चावली की आवाज मला ऐकू आला.

आप्पासाहेबांनी टाळी वाजवली. माझ्याजवळ आले. म्हणाले, "रंगनाथराव, मला आणखी काही बघायचं नाही. तुमची राही आमची झाली. दिवाळीनंतर चांगला मुहूर्त... मुहूर्त म्हणजे सोयीचा दिवस बघू." तुम्हाला सांगतो, मी मोठा माणूस, कंट्रोलर, युनिफॉर्मचा माणूस, सगळ्यांसमोर रडलो. ढसाढसा. आता हा निसर्ग नव्हता, हे आप्पासाहेबांना सुद्धा कळलं असावं, कारण त्यांनी तोंड फिरवलं आणि मंडळाला श्वास घ्यायला लावले.

उतरताना मी मुद्दाम मागं राहिलो. टाच ठणकत होती, पण मला काही वाटत नव्हतं. घरी जाऊन पोरीला काय सांगायचं, कसं सांगायचं, ह्यातच होतो. शेजारी पावलं वाजली. गोजरबाई. एका हातात रिकामा डबा. म्हणाल्या, "भाऊ, नवस कुणाचा? वहिनींचा का?"

मी म्हटलं, कसला नवस, नाही, मला आपलं बरं...

"घाबरू नका. मला पहिल्या पावलाला कळलं होतं." आणि ही न बोलणारी बाई बोलायला लागली. "गोरक्ष पाळण्यात होता तेव्हा गोवर निघाला होता त्याला. डोळे उघडत नव्हता. ह्यांचं चाललं होतं डॉक्टर आणि पुस्तकं. मी आईला हात जोडले आणि बोलून गेले, पोराला उठव, हे नवरात्रात अनवाणी डोंगर चढतील."

मी म्हटलं, हे?

"मग काय मी? मी बोलले, तर पाय ह्यांचेच नकोत का? पोरगा उठला. पण ह्यांना सांगणार कसं? इतकी वर्षं झाली भाऊ, पोरगा नोकरीला लागला, दर नवरात्र आलं की मी ह्यांच्या बुटांकडं बघत बसायची. पोराला साधं पडसं आलं तरी वाटायचं, आईनं आठवण केली. आज तुम्ही ह्यांचे बूट काढलेत. मी तिथं वर केडगावकडं तोंड करून सांगितलं तिला, आई, बघ बाई, चालतायत." आणि पदरानं डोळे पुसले.

इतका बरा वाटला तो क्षण. मी म्हटलं, वहिनी, चला, तुम्ही सुटलात, पोरगी सुखात पडली, आणि आता दसऱ्याला मी पण चपला घालून मोकळा.

तर त्या थांबल्या. "दसऱ्याला? छे, भाऊ. असं कसं करता? तुम्ही घातल्या की हे पण घालतील की."

"पण वहिनी, तुमचा नवस फिटला ना?"

"गोरक्षचा फिटला." असं म्हणून त्यांनी मोकळा हात वर केला आणि एकेक बोट मुडपायला लागल्या. "विहिरीला पाणी लागावं म्हणून बोललेला एक. ह्यांची बदली थांबली तो एक. ह्यांना विंचू चावला, तो. धाकट्या नणंदेला मुलगा झाला, तो. म्हैस सापडली, तो..." मूठ मिटली. माझ्याकडं बघितलं, डबा पुढं केला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, एवढा जरा धरता का, दुसरा हात मोकळा करते."